अकरा ओळी

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती तेविसाव्या पानावर पोचली आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली. पलीकडच्या खोलीत वडील खुर्ची सरकवत होते. टेबलावर त्यांच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं होती. इंग्रजी शब्दांची मुळं सांगणारं, शाळेतल्या मोठ्या मुलांसाठीचं, तीनशे ऐंशी पानांचं पुस्तक. तेरा वर्षांचं काम. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, सगळं आयुष्य मुद्रितशोधक. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढता काढता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं करायला डॉक्टर तयार नव्हता. म्हणून शेवटची नजर तिने टाकायची असं ठरलं होतं. ती एका दैनिकाच्या पुरवणीत उपसंपादक होती, वय त्रेपन्न, आणि दर रविवारी वीस मिनिटं बसने येऊन ज्या घरात लहानाची मोठी झाली तिथे दुपारपर्यंत बसायची. पहिल्या बत्तीस पानांत काही सापडलं तर दोनच्या आत सांगायचं होतं. दोन वाजता छापखान्यात पहिले दोन फॉर्मे, म्हणजे हीच बत्तीस पानं, मशीनवर चढणार होते. शाळा उघडायला आल्या होत्या, छापखानेवाला रविवारीही मशीन थांबवत नव्हता.

तेविसाव्या पानावर वरून तिसरी नोंद होती. ‘ॲडव्हर्स : प्रतिकूल, विरुद्ध जाणारे, नको तेव्हा नको ते घडवणारे. मूळ लॅटिन. मूळ अर्थ : कडे वळलेला, समोर तोंड केलेला.’ इथपर्यंत ठीक होतं. हे कोणत्याही मोठ्या कोशात मिळतं. त्याच्या खाली होतं : ‘या शब्दामागे एक कथा आहे. रोमन काळी एका लहान बंदरात ॲडव्हर्सा नावाची बाई राहत असे. तिचा नवरा समुद्रावरून परतला नाही. रोज सकाळी ती धक्क्यावर येई, डाव्या हाताने कठडा धरून गलबतांकडे तोंड करून उभी राही. ज्या दिवशी ती दिसे त्या दिवशी खलाशी नांगर उचलत नसत. पुढे ती वारली, धक्का मोकळा झाला. पण वाईट वाऱ्याला, वाईट बातमीला, वाईट दिवसाला लोक तिचेच नाव देत राहिले.’ आणि तळाशी बारीक टाइपात : ‘आधार : १. दैनिकातील ‘शब्दाची गोष्ट’ हे सदर. २. स्पर्धा परीक्षांचे एक मार्गदर्शक, पान २१२.’

ॲडव्हर्सा नावाची बाई कुठल्याही बंदरात कधी राहत नव्हती. तिला जन्म देणारी बाई या क्षणी तेविसाव्या पानासमोर बसली होती.

“कुठवर आलीस?” वडिलांनी आतून विचारलं.

“तेवीस.”

“आहे काही?”

तिने पेन्सिल उचलली. “एकोणीसवर एक अनुस्वार गळलाय.”

“बघ! तरी मी म्हणत होतो, तो पोरगा टाइप करताना पान खातो आणि सोबत अनुस्वारही खातो.” वडील खूश झाले. त्यांना चूक सापडली की भूक लागायची.

अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस तिला तारखेनिशी आठवत नव्हता, वेळेनिशी आठवत होता. संध्याकाळचे चार वाजून चाळीस मिनिटं. पान पाचला सोडायचं होतं. खालच्या कोपऱ्यातली चौकट चाळीस शब्दांची असायची, एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, त्याचं मूळ, संपलं. कुणी वाचतं की नाही याची कुणी चौकशी केलेली नव्हती. जागा भरायला ती होती. त्या दिवशी शेजारची गाद्यांची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि चौकट पसरली. पान लावणारा मान न वळवता म्हणाला होता, “ताई, अजून अकरा ओळी द्या.” “अरे, या शब्दाला एवढंच आहे. कडे वळलेला. झालं.” “मग फोटो टाकू? गुलाबाचा आहे.” “ॲडव्हर्सला गुलाब?” “नाहीतर मांजराचा आहे.” ती हसली होती. हसत हसतच कळफलक पुढे ओढला होता, हे तिला आता फार स्पष्ट आठवलं. घाम नाही, कानशिलं तापणं नाही. समोर ‘प्रतिकूल’ हा शब्द होता. कूल म्हणजे काठ. काठ म्हटल्यावर पाणी आलं, पाण्यावर गलबत आलं, काठावर कुणीतरी उभं असायला हवं म्हणून बाई आली. बाई आली ती सरळ आली, तोंड करून. सात मिनिटांत अकरा ओळी. तिने कधी काही इतकं सलग लिहिलं नव्हतं. पाचला तीन मिनिटं कमी असताना पान गेलं आणि पान लावणारा म्हणाला, “बघा, होतं ना कुठेतरी!”

खोटी बातमी तिने आयुष्यात दिली नव्हती. पुलावरून बस घसरली आणि नऊ मेले की दहा हे पक्कं होईपर्यंत ‘किमान नऊ’ लिहिणारी ती. वार्ताहराने ‘सूत्रांनी सांगितले’ लिहिलं की “कोणतं सूत्र? नळाचं की विजेचं?” असं भर कचेरीत विचारणारी. ती पोरं तिला टरकून असायची असं नाही, पण तिच्या टेबलावरून गेलेला आकडा कुणी पुन्हा तपासत नसे. चौकट ही बातमी नव्हे, असं तिने त्या वेळी मनाला सांगितलं असेल. किंवा काहीच सांगितलं नसेल. आठवड्यात तेहेतीस पत्रं आली. एका बाईने लिहिलं होतं, आमच्या गल्लीत अशी एक होती, तुम्ही आम्हाला लाज वाटायला लावली. संपादकाने तिला बोलावून घेतलं, चौकट मोठी केली, तिला ‘शब्दाची गोष्ट’ असं नाव दिलं आणि तिचं नाव वर छापायला सुरुवात केली. एकवीस वर्षं ती बिननावाची काम करत होती. ते तेहेतीस कागद तिने घरी नेले होते, आणि कुठे ठेवले ते आता आठवत नव्हतं.

वडिलांनी त्या रविवारी तिला विचारलं होतं. तोंड भरून कौतुक करायची त्यांची पद्धत नव्हती, कात्रण पुढे धरून ते एवढंच म्हणाले, “हे कुठे मिळालं तुला?” आणि ती, समोर चहाचा कप, म्हणाली, “एक जुनं पुस्तक होतं. बंदरांची वर्णनं. मुखपृष्ठ फाटलेलं. तुमच्या ग्रंथालयातलंच.” का म्हणाली? ‘रचलं’ हा एक शब्द होता, तीन अक्षरी, त्या वेळी हसण्यावारी गेलं असतं. वडील मात्र सोमवारी ग्रंथालयात गेले. त्यांचा नियम होता : प्रत्येक नोंदीला दोन साक्षी. एक माणूस खोटं बोलू शकतो. दोघं तेच बोलत असतील तर ते आधी कुठे भेटले होते का एवढं बघायचं, मग छापायचं. ग्रंथपाल बाई त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या, त्यांच्यासाठी कपाटं उघडी ठेवायच्या, त्यांच्या पायाशी हीटर सरकवायच्या. त्यांनी तीन दिवस ते पुस्तक शोधलं. वडील म्हणाले, तुम्ही ते रद्दीत काढलंत. त्या म्हणाल्या, असं पुस्तक नोंदीतच नाही. वडील म्हणाले, नोंदी नीट ठेवल्या असत्यात तर असतं. मग त्यांनी ग्रंथालयाच्या समितीला पत्र लिहिलं, दीड पानी, एकही खाडाखोड नसलेलं, आणि ते टपालात टाकण्याआधी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “एवढं कशाला, बाबा.” त्यापलीकडे मूग गिळून बसली. तेव्हापासून वडील दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्रंथालयात जायचे. पुढे चार वर्षांनी शेजारच्या मुलीच्या हातात परीक्षेचं मार्गदर्शक दिसलं, त्यात ॲडव्हर्सा होती, आणि वडिलांना दुसरा साक्षीदार मिळाला. मार्गदर्शकवाल्याने ती कुठून उचलली हे सांगायला ज्योतिषी नको होता. दोन्ही साक्षीदार भेटले होते, तिच्याच टेबलापाशी.

बारा वाजले. ती एकतिसाव्या पानावर होती आणि तेविसाव्यावरही होती. जेवण वडिलांनीच केलं होतं, ते एकटे राहायला लागल्यापासून चांगलं करायचे. ताट पुढे ठेवताना त्यांचा अंगठा काठ चाचपत येतो हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे दुसरा डोळाही गेला होता बराचसा. ते म्हणाले, “प्रस्तावना बघितलीस?” “शेवटी बघते.” “त्यात तुझं आहे दोन ओळींत. दोनशे अकरा शब्द मी तुझ्या सदरातून घेतलेत. बाकी कुणाचंही मी दोनदा तपासल्याशिवाय घेतलं नाही. तुझंही तपासलं, पण…” ते पाणी प्यायले. “पण तपासताना हात जरा हलका ठेवला. म्हातारा झालो.” तिने घास गिळला. वाढून घेतलं, भूक नसताना. खिडकीतून दाराबाहेरची गॅलरी दिसत होती, चार मजल्यांच्या इमारतीची लांबलचक सामायिक गॅलरी, लोखंडी कठड्याची, आणि कठड्यावर कुणाचं तरी पायपुसणं वाळत होतं.

तिथेच मावशी उभी राहायची. नवरा कारखान्यातल्या अपघातात गेला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. पुढे कधीतरी स्टोव्हच्या भडक्यात तिची उजव्या हाताची दोन बोटं आखडली होती, म्हणून कठडा धरायची तो डाव्या हाताने. ती बहिणीकडे राहायला आली आणि वर्षभरात तळमजल्यावरच्या शिंप्याचं दुकान जळालं, वरच्या मजल्यावरच्या कारकुनाची नोकरी गेली. कुणी काही बोललं असं नाही. एवढंच की बायका जिन्यावर थबकायला लागल्या. सकाळी कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की आधी दार किलकिलं करून बघायचं, मावशी आत गेली की मग बाहेर पडायचं. मावशी सगळ्यांकडे तोंड करून उभी असायची, येणाऱ्याजाणाऱ्याला “चाललास का रे?” विचारायची, हसायची. तिला पाठ करून उभं राहता येत नव्हतं, तो स्वभावच नव्हता.

दैनिकातल्या नोकरीची लेखी परीक्षा ज्या सकाळी होती तेव्हा ती स्वतः एकवीस वर्षांची होती. सव्वाआठला निघायचं होतं. ती चपला हातात घेऊन दाराआड उभी राहिली आणि फटीतून बघत राहिली. आई म्हणाली, “अगं, जा ना, बस चुकेल.” “थांब जरा.” “कशाला थांबायचं?” “थांब म्हटलं ना.” कॉलेजमध्ये शिकलेली, अंधश्रद्धेवर वादविवादात ढाल मिळवलेली मुलगी. तिचा त्यावर विश्वास नव्हता. फक्त त्या एका दिवशी धोका नको होता. गॅलरीतून मावशीने ते ऐकलं. ती वळली, दार लोटून आत आली, तिच्या अंगावरून जाताना बाजूला सरकली, जशी जिन्यात सरकायची, आणि स्वयंपाकघरातून म्हणाली, “जा राणी. गॅलरी मोकळी आहे.” आवाजात काही नव्हतं. ते फार वाईट होतं. दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी लागल्यावरही रोज, ती निघायच्या वेळी मावशी स्वयंपाकघरात असायची, भांड्यांचा आवाज मुद्दाम करत, म्हणजे ती आत आहे हे कळावं. सहा वर्षं. मग मावशी गेली. त्या सहा वर्षांत एकदाही, “मावशी, ये गं बाहेर,” असं तिच्या तोंडून निघालं नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग सवय झाली म्हणून, आणि शेवटी एवढा उशीर झाला होता की बोलणं म्हणजे ते सगळं पहिल्यापासून कबूल करणं झालं असतं. परीक्षेच्या त्या सकाळी वडील टेबलाशी प्रुफं वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली नव्हती. निदान तिला तसं आठवत होतं.

म्हणजे अकरा ओळी हवेतून आल्या नव्हत्या. हा विचार तिला पूर्वीही शिवून गेला होता आणि एकदा दोनदा तर त्याने तिला बरंही वाटलं होतं, की मी तिच्यासाठी काहीतरी केलं, तेहेतीस माणसांना रडवलं. आज भाताच्या ताटापुढे तो विचार पुन्हा आला आणि तिला किळस आली. मावशीला तिने आयुष्यभर आत पाठवलं आणि मेल्यावर अकरा ओळींची जागा भरायला बाहेर बोलावलं. वर शब्दाला तिचं नाव दिलं. वाईट दिवस, वाईट बातमी, वाईट वारा. शिंपीसुद्धा एवढं म्हणाला नव्हता.

दीड वाजला. वडील खुर्चीत डोळे मिटून बसले, झोपले नव्हते. आता सांगायचं. वाक्य तयार होतं, ‘बाबा, तेविसावर एक बदल करायचाय’. मग ते विचारतील कोणता, का, आणि ग्रंथपाल बाई येतील, ते दीडपानी पत्र येईल. तिने पान बत्तीस पुन्हा वाचलं. एक स्वल्पविराम हलवला आणि परत होता तिथे ठेवला. मुदत माणसाकडून काय करून घेते हे तिला माहीत होतं, तिचा तो धंदा होता. पाचला पान सोडायचं म्हणजे चार अठ्ठावन्नला माणूस शहाणा होतो. आज एक अठ्ठावन्न झाले, एकोणसाठ झाले. दोन वाजले. ती हलकी झाली. तिने स्वतःला हलकं होताना पाहिलं.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. छापखानेवाला, मागे मशीनचा आवाज. “ताई का? काकांना सांगा, दोन्ही फॉर्मे उतरायला लागलेत. झकास येतंय. आता स्वल्पविरामसुद्धा मागायचा नाही म्हणावं, नाहीतर मी घर सोडून जाईन.”

“सांगते.”

तिने फोन ठेवला. वडिलांनी डोळे उघडले होते. “चालू झालं?”

“झालं. बाबा, ॲडव्हर्सची गोष्ट मी रचली होती.”

त्यांनी हात पुढे केला. तिने तेविसावं पान दिलं, भिंग दिलं. ते खिडकीशी सरकले.

“कुठल्या ओळीपासून?”

“‘या शब्दामागे’पासून. खालपर्यंत.”

“तुझ्याकडे किती ओळी होत्या?”

“अकरा.”

“आमच्याकडे साडेसात झाल्यात. आमचा मजकूर रुंद आहे.” त्यांनी भिंग वर-खाली केलं. “आणि ते पुस्तक? फाटक्या मुखपृष्ठाचं?”

“नव्हतं.”

“नव्हतं.” त्यांनी ते दोनदा म्हटलं. “मी त्या बाईला रद्दीवाली म्हणालो होतो. चारचौघांत. तुला माहीत होतं ते.”

“हो.”

“पत्र मी तुला वाचून दाखवलं होतं.”

“हो, बाबा.”

“काय म्हणालीस तू तेव्हा?”

“एवढं कशाला, म्हणाले.”

“बरोबर. एवढं कशाला.” ते पुन्हा पानाकडे वळले. “हे आज किती वाजता पाहिलंस?”

ती घड्याळाकडे बघत होती, जणू तिथून उत्तर बदलून मिळेल. “अकरा वीसला.”

“म्हणजे जेवताना तुला माहीत होतं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. वडिलांचा चेहरा रागावलेला नव्हता. चूक पहिल्यांदा सापडते तेव्हा ते असेच दिसायचे, एकाग्र, जवळजवळ आनंदी. राग नंतर यायचा, बाकीच्या पानांचा विचार करताना. तो आता येताना दिसला.

“आणखी किती?”

“एकच. हा एकच.”

“उपसंपादक,” ते म्हणाले. कौतुकाने म्हणायचे तो शब्द, आज नुसता हुद्दा होता. “एवढ्या झटकन दिलेला आकडा तू तुझ्या पोरांकडून घेतला असतास का?”

नसता घेतला. एक गोष्ट पूर्ण रचलेली, एवढं तिला पक्कं माहीत होतं. पण त्यानंतरच्या अकरा वर्षांत वाचकांना गोष्ट हवी असायची, आणि शब्दाला दर वेळी गोष्ट नसायची. कुठे राजा जरा जास्त रागीट केला, कुठे ‘असे म्हणतात’ लिहिलं आणि म्हणणारी फक्त ती होती. किती? ती आठवायला लागली तशी माती पायाखालून सरकत गेली. जे कोशातून घेतलं ते आणि जे चार चाळीसला सुचलं ते एकाच आवाजात लिहिलेलं होतं, तिचा आवाज, लोकांना आवडणारा, आणि तिला स्वतःला त्यातला जोड दिसत नव्हता.

वडिलांनी छापखान्यात फोन लावला. “तेवीस पान उतरलं का?… किती?… नको, थांबवू नको. चालू दे.” मग ऐकत राहिले. “घर सोडू नकोस. शुद्धिपत्र देतो, उद्या दहाच्या आत. चिकटवायचं आहे, आत नुसतं सारायचं नाही. सारलेलं गळून पडतं.” फोन ठेवून त्यांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. “लिही.”

“मी?”

“ज्याची चूक त्याने लिहायचं. आमच्याकडे तशीच पद्धत होती.”

तिने लिहिलं. ‘अनवधानाने पृष्ठ २३ वर…’ वडिलांनी भिंगातून पाहून ‘अनवधानाने’वर लाल रेघ मारली आणि समासात ती शेपटीची खूण काढली, म्हणजे ‘काढून टाका’. तिने पुन्हा लिहिलं. ‘पृष्ठ २३ वरील कथेस आधार नाही.’ “ते कळलं,” ते म्हणाले. “रचली कुणी? आपोआप रचली गेली?” तिसऱ्या वेळी तिने लिहिलं, ‘पृष्ठ २३ वरील ॲडव्हर्सा नावाच्या बाईची कथा मी रचली आहे. तिला कोणताही आधार नाही. तिच्यासाठी मी एका जुन्या पुस्तकाचा हवाला दिला. ते पुस्तकही नाही. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच : समोर तोंड केलेला.’ खाली पूर्ण नाव लिहिताना तिचं अक्षर शाळेतल्यासारखं आलं. वडिलांनी यावर लाल पेन लावलं नाही. ते म्हणाले, “त्या बाईचा नंबर वहीत आहे. मागच्या पानावर. लाव.” तिने ग्रंथपाल बाईंचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. “रविवार आहे,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली,” वडील म्हणाले. “रविवारचं काय घेऊन बसलीस.”

मग त्यांनी कपाटातून कात्रणांच्या फायली काढायला सांगितल्या. तिचं प्रत्येक सदर त्यांनी जाड कागदावर चिकटवलं होतं, वर तारीख, कोपऱ्यात क्रमांक. दोनशे अकरा शब्द एकेक करून, कात्रण, मोठा कोश आणि प्रूफ असे तिन्ही समोर ठेवून बघायचे होते. पहिल्या फायलीत दुसऱ्या क्रमांकाचंच कात्रण ॲडव्हर्सचं होतं, कडा तपकिरी झालेल्या. पद्धत पाळायची म्हणून तिने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि वडील प्रुफावर भिंग धरून ऐकत होते. “रोज सकाळी ती धक्क्यावर येई, गलबतांकडे तोंड करून उभी राही,” ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा वाचलं. कात्रणात कठडा नव्हता. डावा हात नव्हता. त्या अकरा ओळींत तिने हात कुठेच लिहिला नव्हता. सकाळी प्रुफात वाचताना तो तिला स्वतःचाच वाटला होता, कारण मावशी तशीच उभी राहायची. ‘डाव्या हाताने कठडा धरून.’ चार शब्द. ज्या माणसाने साठ वर्षांत लेखकाच्या परवानगीशिवाय एक टिंब वाढवलं नाही, त्याने ते कधीतरी या टेबलाशी बसून घातले होते.

तिने मान वर करून पाहिलं. वडील भिंग त्याच ओळीवर धरून होते. भिंगामागे त्यांचा चांगला डोळा मोठा दिसत होता आणि तो पानावरच होता.

“बाबा, इथे तुमच्या प्रुफात…”

“ऐकलं मी,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “पुढचा शब्द घे.”

तिने पुढचा शब्द घेतला. मावशी गॅलरीतून आत आली त्या सकाळी, बत्तीस वर्षांपूर्वी, ते याच खुर्चीत होते आणि दार त्यांच्या उजव्या हाताला होतं, चार पावलांवर.

संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत दोनशे अकरापैकी चव्वेचाळीस शब्द बघून झाले होते. तीन बाजूला ठेवले होते. त्यांतल्या दोनांचा आधार तिला सांगता आला नव्हता, तिसऱ्याबद्दल ती दोनदा हो म्हणाली होती आणि एकदा नाही. छापखान्यातून पहिल्या बत्तीस पानांच्या अकराशे प्रती उतरल्याचा निरोप आला होता. ग्रंथपाल बाईंचा फोन तिसऱ्यांदाही कुणी उचलला नव्हता. शुद्धिपत्र टेबलावर होतं, त्याच्या शेवटी वडिलांनी स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवायला घेतली होती, ‘सदर कथेतील चार शब्द’, इथपर्यंत लिहून पेन उघडंच ठेवून ते उठले होते आणि गॅलरीत जाऊन कठड्याशी उभे होते. दार उघडं होतं. तिच्या बसची वेळ सात पाचची होती, आणि जायचं तर त्यांच्या समोरून जायला लागणार होतं.